मुलीची शपथ

हवालदाराला ठाण्यात सगळे भोंगा म्हणायचे. त्याने नुसतं 'चहा सांगा' म्हटलं तरी रस्त्यापलीकडचा न्हावी वस्तरा थांबवून वर बघायचा. त्यामुळे मानसिक झटक्यात सापडलेल्या माणसांना कसं शांत करायचं, या प्रशिक्षणाला त्याचं नाव लागलं तेव्हा सगळे पोट धरून हसले. तोही हसला.

शिकवायला एक बाई होत्या. मनोरुग्णालयात परिचारिका म्हणून त्यांची उभी हयात गेली होती. त्या खुर्चीवर बसून रुग्ण व्हायच्या, आरडाओरडा करायच्या, आणि पोलिसांनी एकेकाने पुढे यायचं. आवाज खाली. हात दिसतील असे. दार अडवून उभं राहायचं नाही. "आणि जे आपल्या हातात नाही, त्याचा शब्द द्यायचा नाही," बाई सांगायच्या. "तुमचं काम होऊन जातं हो. पण उद्या त्याच दारात दुसरा कुणी उभा राहणार असतो."

सगळ्यांना नवल वाटलं, पण भोंगा यात तरबेज निघाला. खाली बसला की त्याचा आवाज आपोआप उतरायचा. गप्प राहायलाही तो शिकला.

प्रशिक्षण संपून फार दिवस झाले नव्हते, तेव्हा एका दुपारी बोलावणं आलं. जिन्यात एक माणूस घामाघूम होऊन उभा होता. "माझी धाकटी बहीण. गाडी चालवायला शिकवते. कितीतरी रात्री झोपलेली नाही, सगळे शिकाऊ आपल्याला मारायला पाठवलेत म्हणते. बाथरूममध्ये कोंडून घेतलंय. आरसा फोडलाय, काच हातात आहे."

भोंग्याने बूट काढले आणि बाथरूमच्या दारापासून जरा लांब, ओल्या फरशीवर बसला. मागे त्याचा सहकारी पहार घेऊन तयार होता. त्याला भोंग्याने हातानेच मागे सारलं.

"ताई, मी पोलीस आहे. खाली बसलोय. माझी पँट भिजली, एवढंच."

आतून एक दमलेला आवाज आला, "कशाला बसलात?"

"उभं राहून गुडघे दुखतात."

आतून हसल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. मग ती बोलायला लागली. झोप येत नाही. डोळे मिटले की भीती वाटते. मागे एकदा दवाखान्यात नेलं होतं, तेव्हा हातपाय पलंगाला बांधले होते; तहान लागली तरी कुणी आलं नव्हतं. भोंगा ऐकत राहिला. बाईंनी शिकवलं होतं तसं, एकाही वाक्याला 'पण' लावलं नाही.

"मला दवाखान्यात नेणार ना?" तिने विचारलं.

खाली रुग्णवाहिका उभी होती. डॉक्टरशी बोलणं झालेलं होतं.

"नाही," भोंगा म्हणाला.

"शपथ घ्या."

"अहो ताई..."

"मुलंबाळं आहेत का?"

"एक मुलगी आहे."

"मग तिची घ्या."

आत काच फरशीवर घासल्याचा आवाज झाला.

"मुलीची शपथ," तो म्हणाला.

कडी निघाली. ती बाहेर आली, पस्तिशीची, केस ओले, आणि काचेचा तुकडा तिने स्वतःहून त्याच्या तळहातावर ठेवला. तो बोचू नये म्हणून टॉवेलात गुंडाळलेला होता. दोघं जिना उतरले. खाली रुग्णवाहिकेचं दार उघडं दिसलं तेव्हा ती ओरडली नाही, पळाली नाही. रुग्णवाहिकेतल्या दोघांनी दंड धरले तशी चढली. चढताना मागे वळून एवढंच म्हणाली, "मुलीची म्हणालात."

ठाण्यात भोंग्याचं कौतुक झालं. कुणालाही ओरखडा न उठता प्रकरण मिटलं होतं. त्याच्या छातीवरच्या कॅमेऱ्यातलं चित्रण साहेबांनी पुढच्या तुकडीला दाखवायचं ठरवलं. बाईंनी ते वर्गात पूर्ण पाहिलं. टाळ्या झाल्या. सगळे गेल्यावर त्या म्हणाल्या, "बसलात छान. अंतरही बरोबर ठेवलंत."

"आणि शपथेचं?"

बाईंनी चष्मा पुसला. "ते तुम्हाला मी कशाला सांगू?"

त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

घरी त्याने बायकोला सांगितलं. ती कणीक मळत होती, तिचे हात थांबले. "आपल्या पोरीची? खोटी?"

"जीव वाचला तिचा."

"वाचला, चांगलंच झालं. पण शपथ घ्यायला दुसरं काही नव्हतं तुमच्याकडे? स्वतःची घ्यायची."

मुलगी आतून बाहेर आली. "आई, बघ, मी धडधाकट आहे," म्हणत तिने दंड फुगवून दाखवला. तिघंही हसले. पण भोंगा जेवला नाही. मुलीला काही होईल अशी त्याला भीती नव्हती. त्याचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. त्याच्या डोळ्यांपुढे तो टॉवेल यायचा. त्याच्या हाताला लागू नये याची तिने त्या अवस्थेतही काळजी घेतली होती.

तो दवाखान्यात भेटायला गेला. तिचा भाऊ बाहेर आला आणि खाली बघत म्हणाला, "नको म्हणते. माझ्याशीही धड बोलत नाही. फोन मीच केला होता ना." मग दोघं दाराशी नुसतेच उभे राहिले. एकाच गुन्ह्यातले दोन आरोपी उभे असावेत तसे.

उन्हाळा सरत आला तेव्हा भावाचा पुन्हा फोन आला. ती घरी परतली होती, कामाला लागली होती, मग गोळ्या बंद केल्या. आता सकाळपासून शिकवणीच्या गाडीत काचा लावून बसली होती, इंजिन चालू, मैदानाच्या मधोमध. कुणी जवळ गेलं की गाडी अंगावर घालायची.

"साहेब, मला पाठवू नका," भोंगा म्हणाला. "ती मला ओळखते."

"मग चांगलंच की."

"चांगलं नाही, साहेब."

पण हे शिकलेला दुसरा कुणी त्या पाळीत नव्हता.

मैदानाच्या कडेला तो जमिनीवर बसला, तिला पूर्ण दिसेल असा. ऊन टाळूवर होतं. बऱ्याच वेळाने गाडी हळूहळू त्याच्या दिशेने आली आणि थांबली. काच बोटभर खाली झाली.

"शपथवाले," ती म्हणाली.

"हो."

"आज कुणाची घेणार? बायकोची?"

"कुणाचीच नाही. ताई, आज दवाखान्यात जावं लागेल. ते थांबवणं माझ्या हातात नाही. त्या दिवशीही नव्हतं. मी खोटं बोललो."

काच वर गेली. गाडी मागे गेली, मैदानात गोल फिरली, पार पलीकडे जाऊन उभी राहिली. सहकारी म्हणाला, "झालं! कशाला सांगितलंत?" भाऊ डोक्याला हात लावून बसला होता. आज काही विपरीत घडलं, तर ते या खऱ्या बोलण्याने घडेल, हे भोंग्याला कळत होतं. गुन्हा तेव्हाही त्याचाच होता, आजही त्याचाच ठरला असता.

सावल्या लांबल्या. तो उठला नाही. शेवटी गाडी पुन्हा आली.

"काय आहे तुमच्या हातात?" तिने विचारलं.

त्याने आधी डॉक्टरला फोन लावला, तिच्यासमोरच, आवाज मोठा करून. मग म्हणाला, "आमच्या गाडीत पुढे बसून यायचं. तुमचे हात कुणी धरणार नाही. तिथे बांधायचं की नाही ते डॉक्टर ठरवणार. तुम्ही शांत असाल तर बांधत नाहीत, असं ते म्हणाले, तुम्हीही ऐकलंत. तुमचे दादा कपडे घेऊन येईपर्यंत मी दाराबाहेर बसेन. एवढंच."

"एवढंच?"

"एवढंच."

तिने इंजिन बंद केलं. किल्ली मात्र भावाला दिली, भोंग्याला नाही.

वाटेत ती पुढे बसली होती. चालक घाबरून दर वळणाला झटका देत होता. "क्लचवर पाय ठेवून झोपलात का?" ती म्हणाली. "जळेल तो." भोंग्याला हसू आलं, त्याने ते गिळलं. हसायचा आपल्याला हक्क नाही असं त्याला वाटलं.

दवाखान्यात तिला कुणी बांधलं नाही. आत जाताना ती दाराशी थांबली.

"आज खरं बोललात म्हणून त्या दिवसाचं फिटलं, असं समजू नका."

"नाही समजत."

"दादाला मी कधीतरी माफ करेन. तो भाऊ आहे. तुम्ही कोण?"

भोंगा दाराबाहेरच्या बाकावर बसला. थोड्या वेळाने परिचारिका येऊन म्हणाली, "झोपल्या त्या. तुम्ही गेलात तरी चालेल."

"दादा यायचेत," तो म्हणाला.

"अहो, झोपेत त्यांना काय कळणार आहे आता?"

भोंग्याने नुसती मान हलवली आणि पाय जवळ ओढून घेतले, म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्यांना वाट मिळेल.