कर्णधाराला दिलेले चाक

मित्रांनो, ओटावातल्या एका बेसमेंटमध्ये, विंटर टायर्सच्या शेजारी टांगलेली मी शर्यतीची सायकल आहे. जुनी आहे आणि जळकीही आहे. आधीच सांगितलेले बरे.

माझी आणि आमच्या संघाच्या कर्णधाराच्या सायकलीची बांधणी एकाच कारखान्यात झाली. तिला सोनेरी पट्टा मिळाला, मला नुसता नंबर. माझा स्वार ॲलन थॉर्पली, इंग्लंडचा व्यावसायिक सायकलपटू. समोरच्या वाऱ्याने कर्णधार दमू नये म्हणून तो त्याच्या पुढे राही, संघासाठी पाण्याच्या बाटल्या आणी. चढावर त्याच्यासारखा दुसरा नव्हता. त्याला पाठीवर वाहिलेली मी सांगते. पण वर्तमानपत्रात त्याचे नाव कधी आले नाही.

२०१४ साली माँट्रियालजवळच्या शर्यतीत, शेवटच्या चढावर, कर्णधाराचे पुढचे चाक पंक्चर झाले. त्या दिवशी ॲलनही जिंकू शकला असता. पण तो थांबला आणि माझे चाक काढून त्याने कर्णधाराला दिले. कर्णधार जिंकला. आम्ही रस्त्याकडेला उभे राहिलो. सगळ्या फोटोंत माझे चाक मिरवत होते. स्वतःच्याच चाकाचा हेवा करणारी सायकल तुम्ही पाहिली आहे का? कर्णधाराने ते परत केलेच नाही, आपल्या सायकलींच्या दुकानात काचेच्या कपाटात ठेवले.

दोन वर्षांनी ॲलन निवृत्त झाला आणि बायकोच्या, कल्याणीच्या, माहेरी ओटावाला आला. मी एका चाकानिशी भिंतीला लागले.

२०१८ च्या उन्हाळ्यात कर्णधार जेवायला आला. पार्टी बेसमेंटमध्येच होती. त्याच्याबरोबर सेल्फी काढायला रांग लागली आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तेवढ्यात ॲलनच्या सासूबाई, पद्माबाई, वाढता वाढता कर्णधाराला म्हणाल्या, "बट ॲलन्स व्हील? यू नेव्हर रिटर्न्ड?"

कर्णधार लाल झाला. महिन्याभरात चाक आले, ॲलनने ते मला बसवले. त्यावर काळ्या मार्करने त्याची भली मोठी सही होती. आता पाहुणे वाकून वाकून तेवढीच बघत. मी पुन्हा जळू लागले.

एका सकाळी पद्माबाई नेलपॉलिश रिमूव्हर आणि फडके घेऊन खाली आल्या आणि सही पुसू लागल्या.

"आई, नो! पीपल लव्ह दॅट!" ॲलन ओरडला.

"असू दे. माझ्या डब्यावर शेजारणीचं नाव चालेल का मला?" त्यांनी मार्कर पुढे केला. "तू साइन कर."

"नोबडी विल नो हू दॅट इज."

"विचारतील ना. मग मी सांगीन."

ॲलनने बारीक अक्षरात सही केली. कर्णधाराची ती सोनेरी पट्ट्याची सायकल आता कुठेही असो, जळू दे तिला!

मित्रांनो, सायकलीला तेल द्या, चाकांत हवा भरा. आणि कधी जिंकलात, तर कोणाच्या चाकावर जिंकलात तेही सांगा.