गॅस नाही

शिनोलीच्या वळणावर मोटारसायकल घसरली आणि आरतीचं कोपर मोडलं. रक्त अडून बोटं गार पडत चालली होती. जुन्नरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, आत्ताच बसवू. पूर्ण भूल देऊन.

"नाही," आरती म्हणाली.

सोबत आलेल्या भागूआत्यानं मध्येच तोंड घातलं. "आमच्या घराण्याला भूल चालत न्हाई, डॉक्टर. देवीचा कोप हाय. माजा भाऊ गेणू एक्क्याण्णव साली टेबलावरच गेला. मागनं माजा ल्योक कुंडलिकबी."

डॉक्टर हसले. "मग देवीला नारळ फोडा. मी औषध भरतो."

झालं. आता आरती काहीही बोलली तरी ते देवीच्याच नावावर जाणार.

तरी बोलली.

स्नायूच्या पेशीत कॅल्शियमचा साठा असतो. धरणच म्हणा. त्याला दार: रायनोडिन रिसेप्टर. चार सारखे अजस्र तुकडे एकमेकांना भिडलेले, मधोमध वाट. विजेचा इशारा आला की शेजारचं प्रथिन हलतं, दाराला ओढतं.

उघडलं. कॅल्शियम सुटतं, स्नायू आवळतो.

मिटलं. कॅल्शियम परत साठ्यात, स्नायू सैल.

आमच्या घरात त्या तुकड्याची घडण कुठंतरी चुकलेली असणार. एरवी कळत नाही. भुलीचा गॅस लागला की दार उघडतं आणि उघडंच

उघडंच

अंग पेटतं. माणूस जातो.

"एम.एस्सी. का?" डॉक्टर म्हणाले. "असलं लाखात एखाद्याला होतं."

"मग लाखातले दोघं आमच्याच अंगणातले कसे, सर?"

"मग पुण्याला जा."

"तोवर बोटं राहतील?"

डॉक्टरांनी तिची गार बोटं दाबून पाहिली.

"काखेत सुई द्या. फक्त हात बधिर करा."

"ती कधी अर्धवट लागते. दुखलं तर गॅस द्यावाच लागेल."

"दुखलं तर ओरडेन. गॅस दिलात तर मरेन. कबूल करा, मगच टेबलावर चढते." मग ती वळली. "आत्या, देवी राहू दे. कुंडलिकदादाला हात लावलास तेव्हा काय होतं, तेवढंच सांग."

"नको गं."

"सांग."

"मला आत बोलावलं तवा जीव व्हता अजून. अंग तापल्या तव्यावानी. लाकूड झाल्तं. जबडा असा—" आत्यानं दात आवळले. "पाणी घालाया गेले, तर तोंडच उघडंना."

डॉक्टरांनी सिरिंज खाली ठेवली. "हे आधी का नाही सांगितलं?"

"सांगत व्हते की. तुमी नारळ फोडाया लावला."

डॉक्टरांनी स्वतःच यंत्रावरची गॅसची बाटली उतरवली आणि खोलीबाहेर नेऊन ठेवली.

काखेतली सुई अर्धवटच लागली. वरून आणखी औषध टोचलं, तरी हाड बसवताना आरतीच्या डोळ्यांपुढं पांढरं झालं.

"थांबू?"

"हात घालवायचाय का? चालू ठेवा!"

बाहेर बाकावरची एक बाई कळवळली. "काय ओरडतीय पोर! झोपवायची तरी, बाई."

"ओरडू दे," भागूआत्या म्हणाली. "ओरडतीय म्हंजे जित्ती हाय."