आधी पाचवा भाग

योगिनीने धुतलेले हात टेबलावर उलटसुलट करून दाखवले, तेव्हा कुठे रुद्रने पिशवीतून पुस्तक बाहेर काढलं. गंगापूर रोडवरच्या त्या कॅफेत बाकीची जोडपी हातात हात घालून बसली होती. या टेबलावर हातांची तपासणी चालू होती.

"लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासतेस ना," तो म्हणाला. "काय काय लागत असेल हातांना."

"ग्लोव्ह्ज असतात."

"तरी."

पुस्तक जाडजूड, गुळगुळीत कागदाचं होतं. मुखपृष्ठावर करड्या झग्यातला एक माणूस पुलाच्या कठड्यावर उभा होता आणि खाली कोपऱ्यात पाचाचा आकडा होता.

"पहिला नाही का वाचायचा आधी?" योगिनीने विचारलं.

"पहिला सगळेच आधी वाचतात," रुद्र म्हणाला.

महिन्यापूर्वी रुद्र आईवडिलांबरोबर सातपूरला योगिनीला बघायला आला होता. पत्रिका जुळली, घरं जुळली, दोन्ही आयांचं तर पाचच मिनिटांत जुळलं. राहिला फक्त मुलाचा होकार. त्याने याआधी बऱ्याच मुलींना नकार दिला होता. घरी जाऊन त्याने आईला सांगितलं, की तिला आधी माझी सात पुस्तकं वाचू दे, मी सांगेन त्या क्रमाने, मग बोलू. त्याच्या आईने हा निरोप फोनवर हसतहसत, कौतुकानेच दिला. मुलगा कमावता असला की त्याच्या विक्षिप्तपणालाही घरात पाट मांडला जातो.

"अभ्यासाची पुस्तकं आहेत का गं?" योगिनीच्या आईने विचारलं होतं.

"सुपरहिरोची. चित्रांची."

"मग वाच बाई. कुणी पोळ्या करून दाखव म्हणतं, हा वाचून दाखव म्हणतोय. बराच म्हणायचा."

योगिनीला तो आवडला होता. बघण्याच्या दिवशी दोघांना गॅलरीत सोडलं, तेव्हा पगार, शिफ्ट, भाऊबहीण यातलं काहीच न विचारता त्याने विचारलं होतं, "तुला भीती कशाची वाटते?" असं तिला तोपर्यंत कुणीच विचारलं नव्हतं. उत्तर तिने मनापासून दिलं होतं. कुणीतरी आपल्याला अर्ध्यात सोडून देईल याची, असं ती म्हणाली होती.

मालिका चांगली होती, हे कबूल केलंच पाहिजे. त्यातला नायक ज्याला ज्याला वाचवतो, त्याचं त्याचं दुखणं नायकाच्या अंगात येतं. पाचव्या भागात पुलावरून एक मुलगी पडते आणि तो पोचेपर्यंत उशीर होतो. योगिनीने ते पान रविवारी दुपारी चिवडा खाताखाता उलटलं होतं. वाईट वाटलं का, असं रुद्रने पुढच्या भेटीत विचारलं, तेव्हा फारसं नाही, असं तिने खरं ते सांगितलं. तो खूश झाला. मग त्याने पहिला भाग काढला आणि तो तिथेच, आपल्यासमोर वाचायला लावला.

पहिल्या भागाच्या शेवटी ती मुलगी जन्माला येते. ती नायकाचीच मुलगी असते. तो तिला उचलून त्याच पुलावर नेतो आणि नदी दाखवतो.

योगिनीला भर कॅफेत रडू कोसळलं. रुद्र कॉफी बाजूला सारून, हनुवटी तळहातावर टेकवून तिच्याकडे बघत होता. रुमाल त्याच्या खिशातच राहिला.

"बघ," तो म्हणाला. "आकड्यांप्रमाणे वाचलं असतंस, तर तयारीनिशी रडली असतीस. आता कशी सापडलीस."

तिथेच तिला कळायला हवं होतं. पण कुणीतरी आपल्या रडण्याची जागा इतका विचार करून ठरवली, याचंच तिला अप्रूप वाटलं. घरी जाऊन तिने आईला सांगितलं, की आता दुसरी स्थळं बघू नकोस. पेठकडच्या एका घरचं स्थळ आलं होतं. अमोल नावाचा मुलगा सातपूरच्याच एका कारखान्यात मशीनवर होता. आईने त्या लोकांना, सध्या घरात गडबड आहे, असं सांगून ठेवलं.

पुस्तकांमागून पुस्तकं झाली. शेवटी सातवा भाग राहिला. तो संपला की सगळे घेऊन ये, असं रुद्रने सांगितलं होतं. योगिनी नवा ड्रेस घालून, सातही पुस्तकं जुन्या ओढणीत नीट गुंडाळून घेऊन गेली. आज तो बोलणार, हे तिने धरूनच ठेवलं होतं.

त्याने खोदून खोदून विचारलं आणि तिने न अडखळता सांगितलं. कुठलं चित्र मुद्दाम रिकामं ठेवलंय, हेही तिच्या लक्षात आलं होतं.

"इतकं नीट आजवर कुणीच वाचलं नव्हतं," रुद्र म्हणाला. ती हसली. मग तो म्हणाला, "माझं लग्न ठरलंय. सुपारी फुटली मागच्या महिन्यात."

योगिनीची बोटं मुखपृष्ठावर होती तिथेच राहिली.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तेव्हा तुझे तीन भाग राहिले होते. सांगितलं असतं, तर नीट वाचले असतेस ते? मालिका अशी अर्ध्यात सोडवत नाही."

"तिने वाचलेत?"

"ती नाही वाचत काही. आईला पसंत आहे."

हे तो इतक्या शांतपणे बोलला, की शेजारच्या टेबलावरच्यांना ते हवापाण्याबद्दल चाललंय असं वाटलं असेल. योगिनीने पुस्तकं त्याच्याकडे सरकवली. त्याने ती परत ढकलली.

"ठेव तुला. ही वाचायला द्यायची प्रत आहे. माझी घरी कपाटात असते, तिला मी कुणाला हात लावू देत नाही."

"मग हात कशाला धुवायला लावायचास?"

रुद्रने जरा विचार केला.

"वाचणाऱ्याला वळण लागतं," तो म्हणाला.

त्यानंतर ती रडली नाही. कुणी समोर बसून बघतंय, असं तिला घरातसुद्धा वाटत राहिलं. पुस्तकं तिने कपाटात रचली, ती त्याच्याच क्रमाने. आईने काही न विचारता पेठकडच्या लोकांना फोन लावला.

अमोलला कॅफेत तिनेच बोलावलं. तो पहिली शिफ्ट संपवून सरळ आला होता आणि हेल्मेट मांडीवर घेऊन खुर्चीच्या कडेला बसला होता.

"आई म्हणली, लगेच बोलू नको," तो म्हणाला. "पण मला तुम्ही लय आवडल्या. फोटो बघितला तेव्हाच. उगाच मनात कशाला ठेवायचं?"

योगिनीला क्षणभर बरं वाटलं. मग ते बरं वाटणंच तिला सहन झालं नाही. तिने पुस्तकं बांधून आणलेल्या ओढणीची गाठ सोडली आणि एक पुस्तक काढून स्वतःजवळ धरलं.

"चित्रांचं हाय," अमोलने आकडा बघितला. "पण पाचवं? पहिलं नाय का वाचायचं आधी?"

"पहिला सगळेच आधी वाचतात. सात आहेत, मी सांगेन तसे वाचायचे. मग बोलू. जा, हात धुऊन ये."

त्याने तिचं एकदम 'तू'वर येणं मनावर घेतलं नाही, उलट ते त्याला आपुलकीचं वाटलं असावं. स्वतःच्या तळहातांकडे बघून तो ओशाळला. रेषांमध्ये मशीनचं तेल मुरलेलं होतं. तो उठला आणि बेसिनपाशी बराच वेळ हात चोळत राहिला. योगिनीने खुर्ची जरा वळवून घेतली, म्हणजे त्याचा चेहरा समोर येईल. आईला तिने सकाळीच सांगितलं होतं, की हे स्थळ नको, पण कळवायची घाई करू नकोस, सात भाग होऊ दे.

अमोल परत आला. तळहात लाल झाले होते. शर्टाला पुसता पुसता तो थांबला आणि त्याने ते तसेच ओले तिच्यासमोर धरले.

"झाले ना साफ?"

"उलटे करून दाखव," योगिनी म्हणाली.