बाबांचा कालवा

"आलं का?" गच्चीवरून सिनान ओरडला.

"आलं... थांब, गेलं," हातिमने खालून सांगितलं.

"आता?"

"आता मुंग्याच मुंग्या."

"बाबा, मुंग्यांचं नका सांगू! चित्र आलं की तेवढं सांगा!"

हातिम टीव्हीसमोर मांडी घालून बसला होता. तीस वर्षं त्याने सरकारी बुलडोझर चालवला, पण या डबड्यापुढे त्याचं काही चालत नसे. बाजूला त्याचा मेहुणा शाकिर लिंबाचा काळा चहा फुंकत बसला होता. शाळेत भूगोल शिकवून तो निवृत्त झाला होता आणि आता घरोघरी जाऊन वाद घालणं एवढंच काम त्याला उरलं होतं.

"गल्लीतल्या सगळ्यांच्या टीव्हीवर स्वच्छ चित्र," शाकिर म्हणाला, "आणि डिशच्या तबकड्या बसवणाऱ्याच्या घरात मुंग्या!"

खरंच होतं ते. जुन्या राजवटीत घरावर तबकडी दिसली की माणूस आत जाई. राजवट पडली आणि तैग्रिस नदीकाठच्या त्या गावात गच्च्यागच्च्यांवर तबकड्या उगवल्या. त्यातल्या निम्म्या सिनानने बसवल्या होत्या. घरची तबकडी मात्र तो दर दोन दिवसांनी हलवायचा. या देशाचं केंद्र लाव, त्या देशाचं लाव. त्याला एकच बातमी हवी होती आणि गेले दहा महिने ती कुठल्याच केंद्रावर येत नव्हती.

जुन्या राजवटीने लपवलेली विषारी हत्यारं सापडली, ही ती बातमी. त्यांच्यासाठीच म्हणून परदेशी फौज देशात घुसली होती.

त्याची बायको रफल एप्रिलमध्ये गेली. लग्नाला पाच महिने झाले होते. आई आजारी म्हणून ती बगदादला माहेरी गेली होती. शेजारच्या टेलिफोनच्या इमारतीवर त्या फौजेचा बॉम्ब पडला आणि माहेरचं घर सोबत खाली आलं. सिनानने स्वतःच्या हातांनी तिला बाहेर काढलं. त्यानंतर तो रडला नाही, भांडला नाही. एवढंच म्हणत राहिला, "ते उगाच नाही आले. शोधतायत. सापडेल." बाविसाव्या वर्षी हे एक वाक्य धरून तो जगत होता. हातिमला जे माहीत होतं ते त्या गच्चीवरच्या पोराला माहीत नव्हतं.

"आलं! आलं रे, स्वच्छ आलं!" हातिम ओरडला, आणि लगेच त्याला वाटलं, नसतं आलं तर बरं झालं असतं.

निवेदक सांगत होता: हत्यारं शोधणाऱ्या पथकाच्या प्रमुखाने काम सोडलं होतं. तो म्हणाला होता, आम्हाला काही मिळालं नाही, बहुधा तिथे काही नव्हतंच.

सिनान खाली आला तेव्हा ते पुन्हा सांगत होते. पक्कड हातात धरून तो उभ्यानेच ऐकत राहिला.

"ऐकलंस?" शाकिरला राहवलं नाही. "मी पहिल्या दिवसापासून सांगतोय. तेलासाठी आले, दुसरं काही नाही."

"एक माणूस म्हणाला म्हणून झालं का, मामा? इतक्या लांबून एवढी फौज उगाच कुणी आणतं?"

"अरे, चोर काय पत्ता विचारून येतो?"

"मग जुन्या राजवटीने कुर्दांच्या गावावर जो वायू सोडला ते काय अत्तर होतं? तेव्हा होती, तर आता कुठे गेली?"

शाकिरने चहाचा पेला खाली ठेवला. त्या गावापुढे कुणाचाच वाद चालत नसे. मग तो हळूच म्हणाला, "असती समज. एका खोलीत भरून असती. तरी आपली रफल त्या खोलीत राहत होती का?"

"शाकिर!" हातिमची बायको नझीहा स्वयंपाकघरातून धावत आली. "तोंडाला काही धरबंध आहे की नाही तुझ्या?"

सिनानने पक्कड टीव्हीवर ठेवली आणि तो बापाकडे वळला.

"बाबा, तुम्ही सांगा. गेल्या फेब्रुवारीत हत्यारांचे तपासनीस आले, तेव्हा त्यांनी तुम्हालाच बुलडोझरवर बसवलं होतं. कुठे पुरलीत ते तुम्हाला माहीत आहे. आता शोधतायत त्यांना जागा दाखवा."

"दाखवली रे," हातिम म्हणाला. "तीच एक जागा होती. एक्याण्णव साली, कुवेतच्या लढाईनंतर, तपासनीस पहिल्यांदा यायच्या आधी सगळं घाईघाईने मोडलं. मीच बुलडोझर फिरवला त्यावर. चाळीस दिवस. पुढे काही उरलं नाही."

"एक्याण्णव साली तुम्ही कालवा खणत होतात."

हातिमने टीव्ही बंद केला.

"मी नऊ वर्षांचा होतो," सिनान म्हणाला. "वर्गात उभं राहून सांगितलं होतं, माझे बाबा वाळवंटात पाणी आणतायत. चित्र काढलं. निळा खडू संपवला त्यात. बाईंनी ते भिंतीवर लावलं. तुम्ही पाहायला आला होतात, बाबा! चित्रासमोर उभे राहून म्हणालात, अगदी असाच आहे. तेव्हा तोंडावर खोटं बोललात, आता का नाही बोलणार?"

तो पुन्हा गच्चीवर निघून गेला. नझीहाने थंड झालेला चहा उचलला. त्या कालव्यावर तिनेही विश्वास ठेवला होता.

सकाळी हातिम सिनानच्या पिकअपमध्ये जाऊन बसला. नझीहाने फडक्यात उकडलेली अंडी आणि पाव बांधून दिला होता.

"चल," तो म्हणाला. "कालवा दाखवतो."

दीड तासाचा रस्ता होता. मागे तबकड्या खडखडत होत्या. डांबरी रस्ता संपला. आठवडाभर पाऊस झाला होता आणि चिखलात चाकं घसरत होती. शेवटी हातिमने हात केला आणि सिनानने गाडी थांबवली.

तिथे बघण्यासारखं काहीच नव्हतं. मातीचे ढीग, गंजलेल्या तारा, आणि लोकांनी भंगार उकरून उकरून केलेले खड्डे. हातिम एका ढिगावर टेकला.

"रात्री ट्रक हत्यारं घेऊन यायचे," तो म्हणाला. "मी ओळीने मांडून घ्यायचो आणि वरून जायचो. पुढे-मागे, पुढे-मागे. साहेबाने पहिल्या दिवशीच बजावलं, कागदाचा कपटा राहता कामा नये, आणि घरी बोललास तर तुझी बायको विधवा झाली समज. म्हणून कालवा. मला दुसरं काही सुचलं नाही. आणि तुझं चित्र पाहिलं तेव्हा..." त्याने मान हलवली. "तेव्हा वाटलं, खरंच कालवा असता तर."

सिनान उभाच होता.

"एवढंच नाही," हातिम म्हणाला. "बारा वर्षांनी तपासनिसांबरोबर एक परदेशी बाई आल्या. हातात वही. दुभाष्याकरवी विचारलं, किती होती? मी मोजली होती का? अंधारात, घाबरून, मोजतं कोण? पण सगळे साहेब डोळे वटारून बघत होते. माहीत नाही म्हटलं तर लपवतोय म्हणतील. मी म्हटलं, दोनशे."

"मग?"

"मग आठ दिवस खणलं. तुकडे जुळवले. एकशे अठ्ठावीस भरली. त्या बाईंनी वहीत लिहिलं. मी पाहिलं, त्यांनी त्या आकड्याखाली दोनदा रेघ मारली. त्याच महिन्यात बाहेरचा रेडिओ म्हणायला लागला, हिशेब लागत नाही, हत्यारं बेपत्ता आहेत. ती बेपत्ता बहात्तर माझी होती, सिनान. ती कधी नव्हतीच. माझ्या तोंडातून निघाली. मी दीडशे म्हटलं असतं, माहीत नाही म्हटलं असतं, तर ते आले नसते. आपली रफल..."

साठीला आलेला तो धिप्पाड माणूस दोन्ही हातांनी तोंड झाकून हमसून हमसून रडायला लागला. दहा महिने तो मुलासमोर जेवत होता, झोपत होता, तबकडीसाठी "आलं, गेलं" ओरडत होता आणि हे सगळं पोटात घेऊन वावरत होता.

सिनान येऊन बापाशेजारी मातीत बसला.

"बाबा."

हातिमने मान वर केली नाही.

"बाबा, तुम्ही पाचशे म्हणाला असतात तरी ते आले असते. एकशे अठ्ठावीस म्हणाला असतात तरी आले असते. बुलडोझरवाल्याच्या आकड्यावर कुणी लढाई करतं का? त्यांचं आधीच ठरलं होतं."

"खरं?"

"खरं. इथे काही आहे म्हणून ते आलेच नव्हते."

म्हणून झाल्यावर आपण काय म्हणालो ते सिनानच्या ध्यानात आलं. त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला. दहा महिने धरून ठेवलेलं वाक्य त्याने स्वतःच्या हाताने सोडलं होतं, आणि आता रफल कशासाठीच गेली नव्हती. हातिमला ते कळलं. त्याने हात लांब करून मुलाची मान आपल्या खांद्यावर ओढली, आणि सिनान इतक्या दिवसांनी रडला.

ऊन वर आलं. मेंढ्यांचा एक कळप लांबून गेला. फडक्यातली अंडी तशीच राहिली.

निघताना सिनान ढिगावर चढला. पलीकडे तपासनिसांनी खणलेला चर होता. भंगारवाल्यांनी तो आणखी लांबवला होता. आठवड्याच्या पावसाचं पाणी त्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत साचलं होतं.

"आलं की पाणी, बाबा," तो म्हणाला.

हातिम धापा टाकत वर आला आणि त्याच्याशेजारी उभा राहिला. पाणी गढूळ होतं, चहासारखं.

"मी निळं काढलं होतं," सिनान म्हणाला.