मेरिताच्या खोलीचा एसी

एसी घ्यायला आम्ही बेटाच्या राजधानीला, आपियाला गेलो, तेव्हा अर्धी बस आमच्या मागोमाग दुकानात शिरली. कोणी बोलावलं नव्हतं. पण आमच्या गावात पहिल्यांदाच कोणी एसी घेत होतं, आणि मलाच सकाळपासून घास उतरला नव्हता, तर बाकीच्यांना कुठल्या तोंडाने बोलणार?

तो नुसता एसी नव्हता. माझी धाकटी बहीण मेरिता ऑकलंडहून तान्ह्या एलियाला घेऊन येत होती. नवरा जहाजावर नोकरीला, तिथे ती एकटी. फोनवर तिने स्पष्टच सांगितलं होतं, "मागच्या वेळी उकाड्याने माझ्या डोळ्याला डोळा लागला नव्हता, सेफी. बाळ नीट झोपलं तर तिथेच राहीन. नाही झोपलं तर आल्या पावली परत." त्या 'राहीन'ने आईच्या पायांना भिंगरी लागली होती. माझ्याही.

दुकानात पेतेलोमामाने साध्या एसीवर थाप मारली. "हा घे, दणकट आहे. बिघडला तर मी घरी उघडीन. तुझ्या त्या इन्व्हर्टर एसीच्या पोटात नाजूक सर्किटची पाटी असते. एक पाल आत शिरली की पालही भाजली आणि पाटीही गेली. आणि आपल्याकडे माणसांपेक्षा पाली जास्त."

"तुझा साधा घटकेत बंद, घटकेत धाडकन चालू," मी म्हणाले. "आपला फ्रीज सुरू झाला तरी दिवे मिणमिणतात, मामा. हा सुरू झाला तर पाद्र्याच्या घरी अंधार होईल."

"होऊ दे. पाद्री प्रार्थना करील. त्याचं कामच आहे ते."

सगळं दुकान हसलं. मला राग आला, कारण पालींचं त्याचं म्हणणं खरं होतं.

दुकानदाराने समजावलं, "खोली गार झाली की साधा बंद पडतो, इन्व्हर्टर नुसता हळू होतो. हळू झाला की आवाज नाही आणि वीजही कमी. फक्त खोली बंद हवी."

आई मध्येच म्हणाली, "बाळाला आवाज नको. सेफी म्हणते तोच द्या." आम्ही सगळे टाळ्या वाजवण्यात दंग, त्यामुळे दुकानदाराचं शेवटचं वाक्य कोणाच्या कानात शिरलंच नाही.

आमचं पुढचं घर म्हणजे खांब आणि वर छप्पर. भिंती काय त्या मागच्या खोलीला. तिथे एसी बसला, मेरिता आली, एलियाला पाहून आईने आनंदाने हंबरडा फोडला, आणि मी रिमोटचं बटण दाबलं. गार वारा आला. माझ्या अंगावर काटा आला, इतकी मी खुशीत होते.

मग गाव आलं.

एकेक जण येई. उभ्याने बोलणं आमच्यात उद्धटपणा, म्हणून आलेला माणूस आधी उंबऱ्यात बसकण मारी, मग सावकाश आमच्या घराण्याची मानाची नावं उच्चारी, आमच्याकडून आपल्या घराण्याची वदवून घेई आणि मग बसल्या बसल्या आत सरके. तोवर दार सताड उघडं. तो आत सरकतो न सरकतो तोच उंबऱ्यात दुसरा, अर्धी रात्र उलटली तरी. दार लावून घ्यावं तर लोक म्हणणार, घरात कोणी आजारी आहे नाहीतर एकटेच चापून खातायत. खोली गार होईचना, मशीन हळू होईचना. सगळा समुद्र गार करायचा ठेका घेतल्यासारखं ते दिवसरात्र घोंघावत होतं.

मामा रोज दारात येऊन कान टवकारी. "सेफी, तुझं शांत मशीन हेच ना? मला वाटलं विमान उतरतंय."

एलिया रडून लाल झाला. मेरिताच्या डोळ्यांखाली काळं आलं. दोन रात्री तिने काढल्या, आणि मग संध्याकाळी मला हळूच म्हणाली, "शुक्रवारचं विमान बघते मी." आईने ते ऐकलं. ती नारळ खवत राहिली. पण तिचा नारळ कधीच संपला होता, ती रिकामी करवंटीच खरवडत होती. 

मी तरातरा दाराकडे गेले.

"खबरदार," आई म्हणाली. "माणसांच्या तोंडावर दार लावशील तर."

"मग तुझी लेक जाईल, ते चालेल?"

"माणसं प्रेमाने आलीत गं. त्यांना काय सांगू?"

तेवढ्यात शंख वाजला. संध्याकाळच्या प्रार्थनेचा. शंख वाजला की आमच्या गावात रस्त्यावर चिटपाखरू फिरत नाही. जो जिथे असेल तिथेच बसतो. खोलीत शेजारच्या चार बाया होत्या, मामा होता, आम्ही होतो. आता बाहेरून कोणी येणार नव्हतं आणि आतून कोणी जाणार नव्हतं.

मी दार लावलं. कोणाच्या तोंडावर नाही, सगळ्यांच्या पाठीमागे. खिडकीच्या काचपट्ट्याही मिटल्या. आईने डोळे वटारले, पण बोलणार काय? मामाने प्रार्थना सुरू केली होती.

स्तोत्राचं दुसरं कडवं चालू असताना घोंघाट उतरू लागला. आधी वाटलं, बिघडलं. मामाने गाता गाता एक डोळा उघडून वर पाहिलं. आवाज उतरत उतरत इतका खाली आला की एलियाचा श्वास ऐकू यायला लागला. लांब, एकसारखा श्वास. 'आमेन' सगळ्यांनी कुजबुजून म्हटलं. प्रार्थना संपल्याचा शंख वाजला, तरी कोणी जागचं हललं नाही. एका बाईच्या पायाला मुंग्या आल्या होत्या, तिने ओठ चावून तो पाय तसाच धरून ठेवला.

मेरिताने बाळाकडे पाहिलं, मग त्या बाईच्या पायाकडे. तिचे डोळे भरून आले.

"मामा," ती हलक्या आवाजात म्हणाली, "एसीच्या बाहेरच्या खोक्याला बारीक जाळी लाव. पाल शिरता कामा नये."

"लावू की. पण तू तर शुक्रवारी..."

"आत्ता लाव. एलिया शाळेत जाईस्तोवर टिकायला हवं ते."

आईने नारळाने माखलेले हात तसेच तोंडावर दाबले. हुंदका आतल्या आत गिळला, खोबऱ्यासकट.

मामा वाकून उठला, जाळी शोधायला निघाला, आणि बाहेर पडल्यावर त्याने आपल्या मागे दार ओढून घेतलं.