बर्फावर टाकलेला मोजा

मी एक हातमोजा बोलतोय. लायल प्रोकोपचुकच्या उजव्या हाताचा. तुम्ही त्याचे बर्फावरच्या हॉकीचे सामने पाहिले असतील, तर मलाही पाहिलं असेल. मात्र त्याच्या हातात क्वचितच. बहुतेक वेळा मी बर्फावर पडलेला असायचो आणि तुम्ही उभे राहून ओरडत असायचात.

कॅनडात, माँट्रियलजवळच्या एका कारखान्यात एका बाईने मला शिवलं. पाठीवर जाड गादी भरली, तळव्याला मात्र पातळ चामडं लावलं. स्टिकच्या टोकाला खेळातली रबरी चकती लागली की ती हाताला कळली पाहिजे ना! माझा डावा भाऊही त्याच दिवशी, त्याच टेबलावर जन्मला.

लायल तेव्हा बावीस वर्षांचा होता. सस्कॅचेवानच्या सपाट मुलखातला, गव्हाच्या कोठारावर काम करणाऱ्या बापाचा मुलगा. त्याला गोल करायचे होते. पण अंगाने तो दरवाजाएवढा वाढला होता. व्यावसायिक संघात आला त्या आठवड्यातच कोचने त्याला बाजूला घेतलं.

"गोल करणारे आहेत माझ्याकडे. त्यांच्या अंगावर कुणी आलं, की तू त्याच्या अंगावर जायचं. एवढं कर, बाकी डोकं चालवू नकोस."

या खेळात मारामारी चालते, पण ती मोजे घालून करत नाहीत. आधी मोजे झटकून टाकायचे, मग मुठी. लायलने मला पहिल्यांदा टाकलं तेव्हा मला वाटलं, माझ्याकडून काहीतरी चुकलं. पुढे सवय झाली. बर्फावर उताणा पडून मी त्याचे पाय बघायचो. ते सरकले नाहीत, की समजायचो, ठीक आहे.

संघाचं सामानसुमान आर्मांड नावाचा म्हातारा बघायचा. तीन महिन्यांत माझा तळवा फाटला, तेव्हा तो वैतागला.

"सामन्यात चार मिनिटं खेळतोस आणि तळवे फाडतोस कसे रे? खातोस की काय?"

"सरावात फाटतात," लायल म्हणाला.

खरं होतं. सगळे अंघोळ करून घरी जायचे, तेव्हा हा रिकाम्या मैदानावर एकटाच गोलात चकत्या मारत बसायचा. शंभर, दीडशे. सामन्यात त्या कधी लागल्याच नाहीत. आर्मांडने माझे तळवे चार वेळा बदलले, आणि पुन्हा कधी विचारलं नाही.

ग्लेन मॅकरे दुसऱ्या संघातला. तिकडे त्याचंही काम हेच. सतरा-अठरा वर्षांचे असताना दोघं एकाच संघात होते, एकाच घरी राहायचे, एकाच खोलीत झोपायचे. नंतर सात वर्षांत ते अकरा वेळा भिडले. जुन्या खेळाडूंना शिरस्त्राणाची सक्ती नव्हती. ग्लेन बोडक्या डोक्याने खेळायचा.

बाराव्या वेळी ते समोरासमोर आले तेव्हाचं बोलणं मी ऐकलंय.

"आई कशी आहे तुझी?" ग्लेनने विचारलं.

"गुडघ्यांनी बेजार. तुझा खांदा?"

"डावीकडून मारू नकोस, बाबा."

"बरं. चल, उरकून टाकू."

लायलने मला टाकलं. डावीकडून तो खरंच मारत नव्हता. उजव्या हाताचा एकच ठोसा बसला, ग्लेनचे पाय निसटले आणि तो मागे पडला. डोकं बर्फावर आपटल्याचा आवाज बर्फातून माझ्यापर्यंत आला. लोक ओरडत होते. मग हळूहळू गप्प झाले. लायल गुडघ्यांवर बसून हाका मारत होता, "ग्लेन, ए ग्लेन, ऊठ ना." त्याला ओढून न्यावं लागलं. मला आर्मांडने उचललं.

चार दिवसांनी लायल इस्पितळात ग्लेनला पाहून थेट आर्मांडच्या खोलीत आला. बाकावर बसून त्याने मला हातात घेतलं, घातलं मात्र नाही.

"ओळखलं त्याने मला," तो म्हणाला. "पण माझं नाव शोधायला त्याला इतका वेळ लागला, की शेवटी मीच सांगितलं."

आर्मांडने हातातली सुई बाजूला ठेवली.

पुढच्या महिन्यात त्याच संघाशी पुन्हा सामना होता. बदला घ्यायला त्यांनी एक नवा, तगडा गडी आणला होता. कोचने लायलच्या खांद्यावर थाप मारली. "जा."

"काढ मोजे!" तो नवा गडी ओरडला. "म्हाताऱ्यांनाच मारता येतं का तुला?"

लायलची बोटं माझ्या आत आवळली. मी वाट पाहत होतो. त्याने मला टाकलं नाही. एक ठोसा बसला, दुसरा बसला, ओठ फाटला. त्याने स्टिक घट्ट धरली आणि उभा राहिला. पंच मध्ये पडेपर्यंत मी त्याच्या हातातच होतो. सगळं मैदान त्याला भित्रा म्हणत होतं.

बाकावर कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही. कोच एवढंच म्हणाला, "काम कळत नसेल तर सामान आवर."

खालच्या दर्जाच्या संघात तो दोन वर्षं खेळला. लांबलांबचे बसप्रवास, अर्धी रिकामी मैदानं. तिथे मात्र त्याला खेळायला मिळालं. नऊ गोल केले त्याने. नऊच. पण प्रत्येकाची धडक माझ्या तळव्याला अजून आठवते. एकतिसाव्या वर्षी त्याने खेळ सोडला आणि गावच्या मैदानाचं बर्फ राखायला लागला.

ग्लेन पुन्हा खेळला नाही. तो बायकोबरोबर तळ्याकाठी राहतो. दर जानेवारीत लायल चार तास गाडी हाकून त्याच्याकडे जातो, त्याच्या स्केटच्या नाड्या बांधतो, दोघं गोठलेल्या तळ्यावर उतरतात. गेल्या खेपेला ग्लेन उघड्याच हातांनी बाहेर आला. लायलने मला काढलं. क्षणभर मी अंग चोरलं. मला काढलं की काय होतं ते मला ठाऊक होतं. पण त्याने मला ग्लेनच्या हातात चढवलं, लहान मुलाला चढवतात तसं, एकेक बोट सरळ करत.

"घट्ट होतोय का?"

"नाही," ग्लेन म्हणाला. थांबला. शब्द शोधला. "ऊबदार आहे... लायल."

या वेळी लायलचं नाव ग्लेनने स्वतः शोधलं होतं. लायल तळ्याकडे तोंड करून उभा राहिला. त्याचा उघडा उजवा हात थंडीने लाल झाला होता, तरी त्याने तो खिशात घातला नाही.

तेव्हापासून मी इथेच आहे, ग्लेनच्या दारामागच्या खुंटीवर. माझा डावा भाऊ लायलकडे. ग्लेनच्या बायकोला माझ्या जुन्या घामाचा वास सहन होत नाही. दोनदा मी कचऱ्याच्या डब्यापर्यंत जाऊन आलोय. बाई, एवढंच मागतो: राहू द्या मला. दारं-खिडक्या उघड्या टाका हवं तर, पण राहू द्या. ज्या हाताला मी ऊब दिली, त्या ग्लेनच्या हाताची मला आता ओळख झाली आहे.