शौकिनांचा फेरा

चांगो जत्रेतल्या पाळण्याचा मोठा शौकीन. म्हणजे असं तो स्वतःच सांगायचा, दुसऱ्या कुणाला सांगायला त्यानं जागाच ठेवली नव्हती. कर्जतहून खालापूरकडं जाताना त्याचं गाव लागे. तिथं चैत्रात देवीची जत्रा भरायची, आणि कोंडाजी पाळणेवाला आपला चार डब्यांचा लाकडी पाळणा बैलगाडीत घालून यायचा. जत्रेच्या आदल्या दुपारी, पाळणा उभा राहिला की, गावातल्या हौशी मंडळींना तो एक फेरा फुकट द्यायचा. पाळण्याची परीक्षाही व्हायची आणि मंडळींचा मानही राहायचा. त्याला नाव पडलं शौकिनांचा फेरा.

आता फुकटच्या फेऱ्याला कसले आलेत कायदे? पण चांगोनं केले. लाल डबा त्याचा, त्यात दुसऱ्यानं पाय ठेवायचा नाही. फिरताना ओरडायचं नाही, ओरडतो तो कच्चा. फेरा संपल्याशिवाय उतरायचं नाही. पोरांनी उद्या यायचं. वाडीवरच्या ठाकरांनीही उद्याच यायचं, मग पाळण्याचे खांब त्यांनीच खांद्यावर वाहून आणले असले तरी. आणि बायकांनी यायचंच नाही.

सोनुबाई त्याची बायको. कोंडाजीच्या माणसांसाठी दरसाल भाकऱ्या बडवायच्या, सुकटीची चटणी करायची, टोपली घेऊन जायचं, खाली उभं राहून वर बघायचं आणि मान दुखली की घरी यायचं, एवढाच तिचा जत्रेचा वाटा. घरी आली की ती विचारायची, "वरून काय दिसतं वो?"

"समुद्र," चांगो म्हणायचा. "डाव्या अंगाला. निळाशार. पन त्याला नजर लागते, तुला नाय दिसायचा."

सोनुबाईनं समुद्र कधी पाहिला नव्हता. लग्न होऊन आल्यापासून तो मेला तिच्या डोक्यात जाऊन बसला होता. भाकरी थापताना समुद्र, गुरांचं शेण काढताना समुद्र. यंदा तिनं मनाशी गाठ मारली होती, वर जायचं म्हणजे जायचंच. नवरा काय खाईल की गिळील!

ती टोपली घेऊन पोचली तेव्हा पाळण्याखाली शिमगा चालू होता. शौकिनांतला सदू बिचारा चुकून लाल डब्यात बसला होता, आणि चांगोनं त्याला बखोटीला धरून बाहेर ओढला होता.

"तुज्या बापाचा डबा हाय काय रं?" सदू तापला.

"मानाचा हाय! तू कालचा शौकीन, मला शिकवतो?"

"मग बस तुजा तूच!" सदू निघाला, त्याच्यामागून त्याच्या जोडीला बसणारा गोमाही निघाला. बाकीच्यांनीही धोतरं झटकली. बघता बघता सगळा शौक भजीवाल्याच्या कढईभोवती जाऊन उभा राहिला.

चांगो ऐटीत लाल डब्यात बसला. "चालू दे, कोंडाजी!"

कोंडाजीच्या दोघा गड्यांनी जोर लावला. पाळणा कुरकुरला आणि तिथंच राहिला. समोरचा डबा रिकामा. दरसाल तिथं सदू आणि गोमा बसत, तेव्हा कुठं चांगोचं धूड उचललं जाई.

"वाळूची गोनी टाक समोर," चांगो म्हणाला.

कोंडाजी त्याच्या कायद्यांना कधीचा विटला होता. "हा शौकिनांचा फेरा हाय, चांगोभाऊ. गोनीला कसला आलाय शौक?"

सोनुबाईनं टोपली खाली ठेवली. "मी बसते," ती म्हणाली. दोन गड्यांचं काम ती एकटी करायची, अंगानंही दोन गड्यांना भारी होती.

"अगं ए! चक्कर येईल!"

"येऊ दे आली तर." तिनं पदर खोचला. आता कोंडाजीनंही खांदा लावला, तिघांनी मिळून वरचा समोरचा डबा कसाबसा खाली आणला आणि ती त्यात चढून बसली. आता मात्र पाळणा लोण्यासारखा फिरायला लागला.

सोनुबाई "आई गं!" म्हणून मनसोक्त ओरडली. तिला हसू आवरेना. दोघांचे डबे समोरासमोर आले तसं तिनं नवऱ्याकडं पाहिलं. चांगोनं दांडा कवटाळला होता, दातावर दात आणि डोळे घट्ट मिटलेले. दुसऱ्या वळणाला मिटलेले, तिसऱ्यालाही मिटलेलेच. तिच्या अंगाची लाही झाली. याच माणसानं तिला एवढी वर्षं खाली उभं केलं होतं!

कोंडाजीनं पाळणा थांबवला तेव्हा ती अगदी वर होती. वाऱ्यानं पदर उडत होता. खाली स्वतःच्या घराचं छप्पर, वाळत घातलेल्या मिरच्या, त्यांत तोंड घालणारी शेजारणीची शेळी. तिकडं माथेरानचा डोंगर, घाटात ठाकुरवाडीच्या बाजूला किडामुंगीसारखी सरकणारी आगगाडी. तिला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. समुद्र मात्र कुठंच नव्हता.

"अवो," तिनं वरून हाक मारली, "समुद्र कुठं हाय?"

"डाव्या अंगाला!" चांगो डोळे न उघडता ओरडला. "घट धर नि नीट बघ!"

त्याचा डबा भुईपासून वीतभर वर होता. डाव्या अंगाला भजीवाला होता.

"चांगोभाऊ, मी दिसतो का वो समुद्रात?" भजीवाल्यानं विचारलं, आणि सगळे शौकीन पोट धरून हसायला लागले. सदू तर खालीच बसला.

चांगोनं डोळे उघडले. भुई दिसली, लोकं दिसली. तो तोंड लपवून उतरायला लागला, तसा कोंडाजी ओरडला, "हलू नका! तुमी उतरलात तर वैनी धाडकन खाली येतील!"

"बसा तितंच," सोनुबाई वरून म्हणाली. "खरा शौकीन मधी उतरत नाय."

"अगं पन किती येळ?"

तिनं पदर नीट केला, दांड्यावर कोपर टेकवलं.

"समुद्र सापडंपरयंत."